नेपियर वाढलं, पण गायी दांडकी टाकतात: लागणीपासून कापणीपर्यंतचा नेमका क्रम

सकाळी शेण काढण्याआधी गव्हाणीत हात घालून बघा. रात्री टाकलेल्या नेपियर गवताची पानं संपलेली आणि तळाशी अंगठ्याएवढी जाड, चघळून सोडलेली दांडकी उरलेली, असं दिसत असेल तर गवताच्या जातीला दोष देऊ नका. तुम्ही कापायला उशीर करताय, आणि त्या उशिराचं मूळ लागणीच्या दिवसात आहे.

मी आमच्या भागातल्या लहान गोठ्यांना वैरणीचा हिशोब मांडून देते. चार गायी, सहा गायी, फार तर दहा. बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. एकराचं रान मोकळं होतं, एका दिवसात सगळी लागण उरकली, दोन महिन्यांनी एका कडेने कापायला घेतलं. दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत गवत साडेतीन महिन्यांचं झालं, पुरुषभर उंचीच्या वर गेलं. उंची बघून घरात सगळे खूश आणि दूध मात्र खाली. मग कुणीतरी सांगतं, ही जात बेकार, दुसरी लावा. दुसरी लावतात आणि तेच होतं.

म्हणून खालचा क्रम जसा आहे तसाच पाळा. यातली लागण नंतर येते, हिशोब आधी.

## १. आधी हिशोब: किती गायी, किती सऱ्या

रान किती मोकळं आहे हे विसरा. गायी किती आहेत ते धरा.

दुभत्या संकरित गायीला दिवसाला साधारण २५ किलो हिरवं नेपियर धरायचं. त्याच्या जोडीला कडबा आणि थोडी द्विदल वैरण लागतेच, ते पुढे येईल. चार गायी म्हणजे रोज १०० किलो.

कापलेलं नेपियर पुन्हा कापणीला यायला उन्हाळा-पावसाळ्यात ४५ दिवस लागतात. म्हणजे रानाचे ४५ तुकडे हवेत आणि प्रत्येक तुकड्यातून १०० किलो निघायला हवं. पाणी आणि खत वेळेवर असेल तर एका गुंठ्यातून एका कापणीला सुमारे २०० किलो हिरवं निघतं. म्हणजे रोज अर्धा गुंठा, ४५ दिवसांचे साडेबावीस गुंठे.

हे सऱ्यांत बसवा, म्हणजे मजुरालाही सांगता येतं. सरी तीन फुटांवर, सरीची लांबी ८८ फूट. अशा ९० सऱ्या पाडल्या की सुमारे २२ गुंठे होतात. रोज दोन सऱ्या कापायच्या. पंचेचाळिसाव्या दिवशी शेवटच्या दोन सऱ्या संपतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन पुन्हा तयार असतात.

तुमची सरी ८८ फुटांची नसेल तर रोजच्या कापणीची लांबी धरा: चार गायींना रोज एकूण १७६ फूट सरी. दोन गायींना त्याच्या निम्मी.

तपासणी: कागदावर सऱ्यांचा नकाशा काढा, त्यांना १ ते ९० आकडे द्या. हा कागद गोठ्याच्या दारावर लागल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

इथे होणारी चूक: गायी चार आणि लागण दोन एकर. जादा गवत म्हणजे जादा वैरण असं वाटतं. प्रत्यक्षात जे वेळेत कापून होत नाही ते गवत रानात उभं राहून लाकूड होतं.

## २. बेणं: इथे पैसे वाचवू नका, पण फसूही नका

आपण ज्याला नेपियर म्हणतो ते बहुतेक वेळा बाजरी आणि हत्ती गवत यांचा संकर असतो. या संकराला रुजणारं बी धरत नाही. त्याची वाढ फक्त कांडीपासून किंवा ठोंबापासून होते. त्यामुळे संकरित नेपियरचं बी म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर घेऊ नका. त्यातून जे उगवेल ते दुसरंच गवत असेल. आमच्या शेजारच्या एका बाईंनी ऑनलाइन असं पाकीट मागवलं, महिनाभर वाफ्यावर पाणी घातलं आणि शेवटी हाती आलं ते बांधावर आपोआप उगवतं तसलं गवत. गेलेल्या पैशांपेक्षा लागणीचा हंगाम हातचा गेला, हे त्यांना जास्त लागलं.

जातींबद्दल थोडक्यात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या यशवंत आणि फुले जयवंत, धारवाडच्या गवत संशोधन केंद्राची डीएचएन-६, कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाच्या को-४ आणि को-५, उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेची बीएनएच-१०, या माहितीच्या जाती आहेत. यातली कुठलीही चालेल. दहा-पंधरा किलोमीटरच्या आत ज्या जातीचं निरोगी बेणं मिळतंय ती घ्या. नव्या नावाची, दुप्पट उत्पादनाची आणि दुप्पट प्रथिनांची जाहिरात दिसली तर एकच प्रश्न विचारा: हा आकडा किती दिवसांच्या कापणीचा आहे? तीस दिवसांच्या कोवळ्या गवताची प्रथिनं आणि नव्वद दिवसांच्या गवताचं वजन एकाच ओळीत छापलेलं असतं. एकाच कापणीत ते दोन्ही कधीच मिळत नाही.

बेणं निवडताना:

- खोड तीन ते चार महिन्यांचं हवं. वैरणीसाठी कापलेल्या ४५ दिवसांच्या गवताची कांडी लावली तर मातीत कुजते. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, कारण शेजारी वैरण कापतानाच आपण त्याच्याकडून कांड्या मागून आणतो.
- शेंडा टाका, अगदी बुडखाचा जून भागही टाका. मधला भाग ठेवा.
- कांडीला दोन डोळे असावेत. तीन असले तरी चालतील. एक डोळा कधीच नको.
- धारदार विळ्याने एका घावात तोडा. चेचलेलं टोक कुजायला सुरुवात करतं.
- तोडलेल्या टोकाकडे बघा. आतून पांढरट-हिरवं आणि ओलसर हवं. तपकिरी किंवा पोकळ असेल तर ती कांडी बाजूला काढा.

वरच्या ९० सऱ्यांना, दोन फुटांवर एक याप्रमाणे, सुमारे ४००० कांड्या लागतात. वर ४०० जास्त आणा. पूर्ण एकराला हिशोब सुमारे ७३०० चा येतो.

पण सगळ्या कांड्या एकदम आणू नका. लागण तीन टप्प्यांत होणार आहे, तशाच तीन खेपा करा. आणलेलं बेणं सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लावून टाका. उन्हात ट्रॉलीवर पडलेल्या कांडीचा डोळा बाहेरून हिरवा दिसतो, पण नखाने सोलला तर आत सुकलेला असतो.

तपासणी: ढिगातून कुठल्याही दहा कांड्या काढा आणि डोळे नखाने हलकेच खरवडा. आठपेक्षा कमी कांड्यांचे डोळे आतून हिरवे निघाले तर ती खेप परत करा.

## ३. रान

पाणी साचणारं रान नको, बाकी मध्यम ते भारी कुठलीही जमीन चालते. गोठ्यापासून जवळचं रान असेल तर ते पहिलं, कारण रोज १०० किलो वाहून आणायचं आहे. हे गवत तीन-चार वर्षं त्याच जागी राहणार, त्यामुळे हरळी आणि लव्हाळा आत्ताच काढा. नंतर बेटांमधून त्यांची गाठ सुटत नाही.

उभी-आडवी नांगरट, कुळवाच्या पाळ्या, मग शेणखत. २२ गुंठ्यांना पाच-साडेपाच टन, म्हणजे साधारण दोन ट्रॉल्या. खत चांगलं कुजलेलंच हवं. कच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि वाळवीही कांड्यांना लागते. तीन फुटांवर सऱ्या पाडा. लागणीच्या वेळी सरीत २२ गुंठ्यांना मिळून डीएपी १९ किलो, युरिया १६ ते १७ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश ७ किलो, मातीत मिसळून. मातीपरीक्षण केलेलं असेल तर त्यातल्या शिफारशीप्रमाणे बदल करा.

## ४. लागण: एका दिवसात नाही, तीन टप्प्यांत

पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून, नसेल तर जून-जुलैच्या पावसावर. ऑक्टोबर ते जानेवारी लागण करू नका. थंडीत डोळा फुटायला वेळ लागतो आणि तोवर कांडी मातीत खराब होते.

आता मुख्य गोष्ट. ९० सऱ्यांचे तीन भाग करा:

| भाग | सऱ्या | लागण | पहिली कापणी |
|---|---|---|---|
| पहिला | १ ते ३० | दिवस ० | दिवस ६० ते ७५ |
| दुसरा | ३१ ते ६० | दिवस १५ | दिवस ७५ ते ९० |
| तिसरा | ६१ ते ९० | दिवस ३० | दिवस ९० ते १०५ |

प्रत्येक भाग पहिल्यांदा कापताना ६० ते ७५ दिवसांचा असतो, जसा हवा तसाच. आणि १०५ व्या दिवशी तुम्ही पहिल्या सरीवर परत याल तेव्हा तिला कापून बरोबर ४५ दिवस झालेले असतील. इथून पुढे चक्र आपोआप फिरतं. १५ फेब्रुवारीला पहिला भाग लावला तर एप्रिलच्या मध्यात कापणी सुरू होते, उन्हाच्या ऐन कडाक्यात, जेव्हा हिरवं विकत घ्यायला लागतं.

कांडी लावताना:

१. सरीत आधी पाणी सोडा आणि ओलीवर लावा. कोरड्यात लावून नंतर पाणी दिलं तर कांडी हलते आणि मातीशी तिचा संबंध सुटतो.

२. कांडी तिरपी खोचा. एक डोळा मातीत, एक मातीच्या वर.

३. डोळ्याचं टोक आकाशाकडे हवं. खोडावर असताना पान ज्या दिशेला वर जात होतं, ती बाजू वर. मजूर भराभर लावतात तेव्हा निम्म्या कांड्या उलट्या जातात. उलटी कांडी कधी फुटते, कधी नाही, आणि फुटली तरी मागे पडते. कांड्या तोडतानाच सगळ्यांची खालची बाजू तिरपी आणि वरची बाजू सरळ तोडा. मग लावणाऱ्याला बघत बसावं लागत नाही, तिरपं टोक मातीत.

४. कांडीभोवतीची माती पायाने दाबा. हाताने ओढली तर सहज निघता कामा नये.

५. दोन कांड्यांत दोन फूट अंतर. जवळ लावलं तर पहिल्या दोन कापण्या भरघोस दिसतात, नंतर बेटं एकमेकांत घुसतात आणि खोडं बारीक, पानं कमी होत जातात.

चौथ्या दिवशी आंबवणीचं, म्हणजे लागणीनंतरचं पहिलं हलकं पाणी. पुढे उन्हाळ्यात सात-आठ दिवसांनी, हिवाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी. ठिबक असेल तर रोज थोडं थोडं.

जादा आणलेल्या ४०० कांड्या पाटाच्या कडेला दाट लावून ठेवा. नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला त्याच वयाची, मुळं धरलेली रोपं हाताशी राहतात.

थांबा आणि बघा: १५ व्या दिवशी प्रत्येक भागात फिरून मोजा. जिथे कोंब नाही तिथे कांडी उपटून बघा. खालचं टोक मऊ आणि वास येणारं असेल तर पाणी जास्त झालं. कोरडं, चिपाडासारखं असेल तर बेणं सुकलेलं होतं. पुढच्या भागाच्या लागणीआधी तेवढी चूक सुधारा. टप्प्यांत लावण्याचा हा दुसरा फायदा आहे.

## ५. पहिले ६० दिवस

दोन खुरपण्या, तिसऱ्या आठवड्यात एक आणि सहाव्या आठवड्यात दुसरी. महिन्याच्या आत नांग्या भरा. एवढंच काम आहे, पण ते टाळता येत नाही. या दोन महिन्यांत तण जिंकलं तर चार वर्षं त्याच्याशी भांडावं लागतं.

पहिल्या कापणीची घाई करू नका. गवत कंबरेएवढं झालं की चाळिसाव्या दिवशी विळा लावायचा मोह होतो. पण या काळात वर दिसणाऱ्या वाढीपेक्षा खाली मूळ धरणं महत्त्वाचं असतं. चाळिसाव्या दिवशी कापलेलं बेट पुढे फुटवे कमी देतं. पहिली कापणी ६० दिवसांनंतरच.

सरींच्या मधल्या मोकळ्या जागेत पहिल्या दोन महिन्यांत चवळी पेरता येते. वैरणही मिळते आणि तणही दबतं.

## ६. कापणी

इथे तीन गोष्टी सांभाळायच्या: दिवस, उंची, सफाई.

दिवस. दारावरच्या कागदावर सरीच्या आकड्यापुढे कापणीची तारीख लिहा. पहिल्या कापणीनंतर ४५ दिवस. गवत किती वाढलंय हे बघून ठरवू नका. भरपूर शेणपाणी मिळालेलं गवत ४० व्या दिवशीच उंच दिसतं, पाण्याला ताण बसलेलं ५५ व्या दिवशीही बुटकं असतं. थंडीत मात्र ४५ चे ६० दिवस होतात, तेव्हा रोज दोन ऐवजी दीड सरी कापा आणि उरलेली गरज मका, कडवळ किंवा मुरघासाने (हवा काढून, आंबवून साठवलेल्या हिरव्या वैरणीने) भागवा.

पन्नास दिवसांच्या आसपास पानं आणि खोड यांचा तोल गायीच्या बाजूने असतो. पुढे वजन वाढतं, पण ते बहुतेक खोडाचं. खोड जाड होतं, आत लाकूडपणा येतो, प्रथिनं उतरतात. वजनकाट्यावर गवत जास्त भरतं आणि गव्हाणीतून परतही जास्त येतं.

हे हाताने तपासता येतं. बेटातलं मधल्या जाडीचं खोड जमिनीपासून वीतभर वर धरा आणि नखाने दाबा. नख सहज रुतलं आणि पाणी दिसलं तर वेळ बरोबर आहे. नख घसरलं तर उशीर झाला. मी कुठल्याही नव्या रानात गेले की कागद मागण्याआधी हेच करते.

उंची. जमिनीपासून १५ ते २० सेंमी ठेवून कापा. विळ्याच्या मुठीपासून पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर एकदा मोजून ठेवा, म्हणजे रानात पट्टी न्यावी लागत नाही.

जमिनीलगत छाटलं तर नवीन फुटव्यांना लागणारा साठा आणि खालचे डोळे दोन्ही जातात. पावसाळ्यात छाटलेल्या बुडख्यात पाणी शिरून बेट कुजतं. उलट फूटभर वर कापलं तर फुटवे खुंटाच्या वरच्या डोळ्यांतून येतात. ते मुळाशी जोडलेले नसतात, वाऱ्याने मोडतात आणि दर कापणीला बेट जमिनीपासून वर वर सरकत जातं. दीड वर्षाने बघाल तर गुडघाभर वाळक्या खुंटांवर चार हिरवी पानं दिसतील.

सफाई. सरीत जे असेल ते सगळं कापा. बारीक, मागे राहिलेले फुटवे पुढच्या वेळी मोठे होतील म्हणून सोडू नका. सोडलेला फुटवा पुढच्या कापणीला ९० दिवसांचा असतो, बाकीचं बेट ४५ दिवसांचं. गव्हाणीत दांडकी येण्याचं हेही एक कारण आहे.

धोक्याचा इशारा: पाण्याचा ताण बसून गवत सुकायला आलेलं असेल आणि मग पाऊस पडला, तर लगेच कापून खायला घालू नका. अशा वेळी गवतात नायट्रेट साचतं. जास्त युरिया किंवा रोजचं गोमूत्र-शेणपाणी मिळालेल्या सऱ्यांत हा धोका जास्त. आठवडाभर थांबा. जनावराला धाप लागली, थरथर सुटली, तोंडातली कातडी निळसर-तपकिरी दिसली तर वैरण बंद करून ताबडतोब पशुवैद्याला बोलवा.

## ७. कापणीनंतरचा आठवडा

बहुतेक जण कापून घेतात आणि वळून बघत नाहीत. हे गवत वर्षाला सहा-सात वेळा रानातून उचलून नेलं जातं, ते जमिनीतून काय काय घेऊन जातं याचा विचार करा.

रोज दोन सऱ्यांना वेगळं पाणी आणि खत देणं कुणालाच जमत नाही. म्हणून आठवड्याच्या १४ सऱ्यांचा एक गट धरा. रविवारी त्या गटात:

१. बेटांतली वाळलेली पानं आणि खुंट काढा, मधलं तण खुरपा.

२. युरिया द्या: १४ सऱ्यांना मिळून साधारण दोन किलो. एका बेटाला चहाचा एक सपाट चमचा. बेटापासून चार बोटं लांब टाका, मातीआड करा. ताज्या कापलेल्या खुंटावर पडला तर फुटवा करपतो.

३. लगेच पाणी.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा दोन ट्रॉल्या शेणखत आणि लागणीच्या वेळी दिलेलं डीएपी-पोटॅश तेवढंच.

गोठा धुतलेलं पाणी रानात सोडत असाल तर चांगलंच आहे, पण ते पाणी सगळ्या सऱ्यांना फिरवून द्या. उताराच्या कडेच्या पाच सऱ्यांतच रोज जात असेल तर तिथला युरिया बंद करा.

खबरदारी: युरियाची गोणी गोठ्यात ठेवू नका. सुटलेली गाय मिठासारखा चाटते आणि जिवावर बेततं.

## ८. गव्हाणीपर्यंत

कुट्टी केल्याशिवाय नेपियर घालू नका. एक ते दीड इंचाचे तुकडे. पात्यांना धार नसेल तर मशीन गवत कापत नाही, चिंधड्या करते, आणि गायी ते निवडून टाकतात.

नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, मग ते जनावराच्या अंगी लागत नाही. कोवळ्या गवतात हे जास्त असतं, म्हणून ३०-३५ दिवसांत कापण्याची अतिहौसही नको. गायी-म्हशींच्या पोटातले जिवाणू हे पचवायला शिकतात, पण त्यांना वेळ लागतो. यासाठी तीन गोष्टी करा. नवं नेपियर सुरू करताना दोन आठवडे हळूहळू वाढवत न्या. दुभत्या गायीला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. आणि फक्त नेपियरवर गाय ठेवू नका. घोड्याला मात्र नेपियर मुख्य वैरण म्हणून देऊच नका, त्याला हे पचवता येत नाही.

२५ किलो हिरव्या नेपियरमध्ये सुमारे २० किलो पाणीच असतं. कोरडा भाग पाच किलो. त्यामुळे पोट भरलेलं दिसतं आणि गाय उपाशी राहते. जोडीला पाच-सहा किलो कडबा हवा, आणि पाच-सहा किलो लसूणघास किंवा चवळी. नेपियरच्या रानाच्या शेजारी तीन-चार गुंठे लसूणघास लावली तर पेंडीचा खर्च हलका होतो. ओली लसूणघास एकटी आणि उपाशी पोटी घालू नका, पोट फुगतं. कुट्टीत मिसळून घाला.

तपासणी: आठवड्यातून एकदा गव्हाणीत उरलेलं घमेल्यात भरून वजन करा. घातलेल्या १०० किलोमागे पाच किलोपेक्षा जास्त उरत असेल तर कागदावरच्या तारखा बघा. कुठेतरी कापणी पुढे ढकललेली सापडेल.

## ९. पावसाळ्यात गवत पुढे पळतं तेव्हा

जुलै ते सप्टेंबर गवताचा वेग तुमच्या गायींपेक्षा जास्त असतो. तरी कापणीचे दिवस पुढे ढकलायचे नाहीत. रोज दोन सऱ्या कापतच राहा, गायींना पुरून जे उरेल त्याचा मुरघास करा.

नेपियरच्या मुरघासाच्या तक्रारी बहुतेक एकाच कारणाने असतात: गवत ओलं भरलं. मक्यासारखी साखरही नेपियरमध्ये नसते, त्यामुळे आंबण्याऐवजी ते सडतं. मूठ करून बघा. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि सोडा. पाणी ठिबकलं तर ओलं आहे. गोळा हळूहळू उलगडला आणि तळवा फक्त दमट राहिला तर बरोबर. लगेच भुगा झाला तर कोरडं.

उघडीप असेल तर कापलेलं गवत अर्धा दिवस सुकवा. पावसात सुकत नसेल तर १०० किलो हिरव्या कुट्टीत २० किलो कोरड्या कडब्याची कुट्टी मिसळा, ओलावा आटोक्यात येतो. एका टनाला १५ ते २० किलो गूळ किंवा मळी पाण्यात विरघळवून थरांवर शिंपडा. मुरघासासाठी कुट्टी अर्ध्या-पाऊण इंचाची. भरताना पायाने तुडवून हवा काढा, एकाच दिवशी भरून बॅग बंद करा. ४५ दिवसांनी उघडा. पिवळसर-हिरवा रंग आणि आंबट-गोड वास हवा. काळं पडलेलं, बुरशी आलेलं, शेणासारखा वास मारणारं गायीला घालू नका, वरचा थर असला तरी नाही.

## १०. रान आधीच हाताबाहेर गेलं असेल तर

एकदम लागण केलेलं आणि उंच वाढलेलं रान सुधारता येतं, उपटायची गरज नाही.

रानाचे तीन भाग करा. पहिला भाग आजच पूर्ण कापा, १५ ते २० सेंमीवर. दुसरा १५ दिवसांनी, तिसरा ३० दिवसांनी. जून गवत बारीक कुट्टी करून भाकड जनावरांना कडब्याच्या जागी घाला, किंवा सरींत आच्छादन म्हणून पसरा, किंवा निरोगी खोडं बेणं म्हणून द्या. तीन-चार महिन्यांच्या खोडाला बेण्याचं गिऱ्हाईक मिळतं. दुभत्या गायींना मात्र ते घालू नका. हा दीड महिना हिरवं बाहेरून घ्यावं लागेल. पहिला भाग ४५ दिवसांचा झाला की त्यातून रोज दोन सऱ्या सुरू करा, तिथून वरच्या तक्त्याचं चक्र लागतं.

गायींना पुरून जास्तच रान असेल तर जादा सऱ्या मोडून तिथे लसूणघास किंवा मका घ्या.

## ११. तिसऱ्या-चौथ्या वर्षी

बेटाचा मधला भाग वाळतो आणि फुटवे फक्त कडेला येतात, कडं केल्यासारखे. हे दिसलं की पावसाळ्याच्या सुरुवातीला कुदळीने बेट फोडा, मधला वाळका गड्डा काढून टाका, कडेचे दोन-तीन जोमदार ठोंब तिथेच माती लावून ठेवा. उरलेले ठोंब मुळासकट निघतात, ते नांग्यांना वापरा. हेही एकदम करू नका, ३० सऱ्या एका वेळी, १५ दिवसांच्या अंतराने, म्हणजे दारावरचा कागद बदलावा लागत नाही.

दोनदा असं फोडूनही एका बेटाचं वजन किलोच्या खाली राहत असेल तर ते रान मोडा. मोडण्याआधी तीन महिने चांगल्या सऱ्यांतली एक सरी बेण्यासाठी न कापता राखून ठेवा, म्हणजे नव्या लागणीच्या पहिल्या ३० सऱ्यांचं बेणं घरचंच निघतं. राखलेल्या सरीचा आकडा कागदावर गोल करून ठेवा, नाहीतर सकाळच्या घाईत ती कापली जाते.